‘उल्हास’ शब्दातील हकार

काही वर्षांपूर्वी एका विद्यार्थिनीची पदव्युत्तर प्रबंधिका परीक्षकांकडून परत आली, तेव्हा तिच्यात एक शब्द सतरा ठिकाणी लाल शाईने दुरुस्त केलेला होता. तिने जेथे जेथे ‘उल्हास’ असे लिहिले होते, तेथे तेथे ‘ह’ खोडून ‘उल्लास’ असे केलेले होते आणि समासात ‘शब्द संस्कृत आहे, मूळ रूप लिहावे’ असा शेरा होता. विद्यार्थिनी उल्हासनगरची, घरची भाषा सिंधी. मुखपृष्ठावर तिने आपल्या गावाचे नाव लिहिले होते. ते मात्र परीक्षकांनी तसेच ठेवले होते. तिने प्रस्तुत लेखकास विचारले, “सर, मग आमच्या गावाचे नावही चुकीचेच म्हणायचे का?”

प्रश्न साधा दिसतो, पण त्याचे उत्तर ‘चूक’ किंवा ‘बरोबर’ अशा एका शब्दात देता येत नाही. ‘उल्हास’ हा मराठी ललित लेखनातील अतिपरिचित शब्द आहे. संतवाङ्मयापासून आजच्या निबंधापर्यंत तो वावरतो. मुलांची नावे त्यावरून ठेवली जातात. एक नदी आणि एक शहर त्या नावाने ओळखले जाते. अशा शब्दातील एका वर्णाचे मूळ कोणते, तो वर्ण अपभ्रष्टतेची खूण आहे की भाषेच्या स्वतंत्र व्यापाराची, आणि तो काढून टाकल्यास आपण नेमके काय गमावतो, ह्या तीन प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

प्रथम मूळ रूप पाहू. संस्कृत ‘उल्लास’ हा शब्द ‘उद्’ हा उपसर्ग व ‘लस्’ हा धातू ह्यांपासून सिद्ध होतो. उद् मधील दकाराचा पुढील लकारामुळे लकार होतो, म्हणून ‘उल्लास’. लस् धातूचा संसार मोठा आहे. चकाकणे, झळकणे, खेळणे, लीलेने हालणे हे त्याचे प्रमुख अर्थ. ‘विलास’ आणि ‘लास्य’ हे शब्द त्याच घरचे. ज्याच्या ठायी ही हालचाल व झळक नाही तो ‘अलस’. त्याचा भाव ‘आलस्य’. आणि त्यापासून आपला ‘आळस’. म्हणजे ‘उल्हास’ आणि ‘आळस’ ही परस्परविरोधी अर्थाची जोडी एकाच धातूची अपत्ये आहेत, ही गोष्ट बहुतेकांच्या ध्यानात येत नाही.

संस्कृतात ‘उल्लास’ ह्याचा पहिला अर्थ आनंद हा नव्हे. बाहेर उजळून येणे, वर उसळणे, प्रकट होणे, वाढीस लागणे हा त्याचा मूळ आशय असून आनंद हा त्याचा एक विशेष आहे. मम्मटाने ‘काव्यप्रकाशा’च्या दहा प्रकरणांना ‘उल्लास’ म्हटले आहे. तेथे प्रकरण आनंददायक आहे असे त्यास सुचवावयाचे नाही. ग्रंथ हा ‘प्रकाश’, म्हणून त्याचे भाग हे त्या प्रकाशाचे एकेक उजळणे, असे ते रूपक आहे. अप्पय्य दीक्षितांच्या ‘कुवलयानंदा’त ‘उल्लास’ नावाचा अलंकारही आहे. एकाच्या गुणाने अथवा दोषाने दुसऱ्याच्या ठायी गुण वा दोष उत्पन्न झाल्याचे वर्णन हे त्याचे स्वरूप. येथेही एका वस्तूचे दुसरीत उमटणे हाच भाव आहे. हर्षाचा संबंध नाही.

आता हकाराकडे वळू. ‘उल्हास’ हे ‘उल्लास’चे नियमाने बनलेले तद्भव रूप आहे काय? तसे म्हणता येत नाही. संस्कृत व प्राकृत शब्दांतील स्वरांमधील एकेरी ल मराठीत ळ होतो आणि दुहेरी ल्ल एकेरी ल होऊन राहतो, ही व्यवस्था ज्यूल ब्लॉक ह्यांच्या मराठी भाषेच्या घडणीवरील ग्रंथापासून (१९२०) अभ्यासकांस परिचित आहे. ‘फल’चे ‘फळ’ झाले, पण ‘फुल्ल’चे ‘फूल’. ‘काल’चे ‘काळ’ झाले, पण ‘गल्ल’चे ‘गाल’. ‘भल्ल’चा ‘भाला’ आणि ‘चुल्ली’ची ‘चूल’ ह्याच मार्गाने आली. ‘आलस्य’चे ‘आळस’ होणे हेही त्याच व्यवस्थेत बसते. ह्या न्यायाने ‘उल्लास’चे तद्भव रूप ‘उलास’ असे काहीतरी व्हावयास हवे होते. हकार त्यात कोठूनही येत नाही.

मग तो आला कोठून? ह्याचे तीन प्रकारे समाधान करता येण्याजोगे आहे. त्यांचा क्रमाने विचार करू.

पहिले समाधान लौकिक आहे. ‘उल्हास’ म्हणजे ‘उत् + हास’, वर उमटलेले हसू, असे पुष्कळांस वाटते. ही व्युत्पत्ती व्याकरणाच्या कसोटीस उतरत नाही. उद् पुढे हास आला तर संधिनियमाने ‘उद्धास’ असे रूप होईल. लकार येण्याचे कारण राहणार नाही. परंतु लोकव्युत्पत्ती असत्य ठरली म्हणून ती निष्क्रिय असते असे नाही. ह्याच परिसरातील बदलापूरचे उदाहरण घ्यावे. येथे शिवकालात घोडे बदलीत म्हणून हे बदलापूर, अशी कथा तेथे सर्वतोमुखी आहे. तिला ऐतिहासिक पुराव्याचे मोल देता येणार नाही, परंतु ‘बदल’ ह्या परिचित शब्दाने गावाच्या नावाचा अर्थ लोकांच्या मनात पक्का करून टाकला आहे, हे मान्य केले पाहिजे. त्याचप्रमाणे ‘हास’ ह्या ओळखीच्या अंत्यखंडाने ‘उल्हास’ शब्दाचा हकार निर्माण केला नसला तरी तो टिकवून धरण्यास साहाय्य केले असावे.

दुसरे समाधान ध्वनिशास्त्रीय आहे. ल्ल आणि ल्ह ह्यांचा पालट भारतीय आर्यभाषांच्या इतिहासात अन्यत्रही आढळतो. ‘राजतरंगिणी’कार कल्हणाचे नाव ‘कल्याण’ ह्या नावाचे प्राकृतातून, म्हणजे ‘कल्लाण’वरून आलेले रूप होय, असे मानले जाते. कोरीव लेखांतील ‘कोल्लापुर’ आज ‘कोल्हापूर’ झाले आहे. कोल्हासुराची कथा ही त्या हकाराला नंतर मिळालेली लौकिक संगती दिसते. संस्कृत ‘चुल्ली’ मराठीत ‘चूल’ झाली, पण हिंदीत तिचा ‘चूल्हा’ झाला, आणि सिंधीतही चुलीला लागणारा शब्द ल्ह घेऊनच येतो. प्रस्तुत विद्यार्थिनीच्या घरी चुलीचे नाव घेताना जो महाप्राण लकार उच्चारला जातो, तोच तिच्या गावाच्या नावात आहे, हे तिला सांगितले तेव्हा तिला नवल वाटले.

ही उदाहरणे ल्ल चा ल्ह होणे शक्य आहे एवढे सिद्ध करतात. तथापि केवळ ध्वनिप्रवृत्तीवर सर्व भार टाकता येत नाही. तशी ती सार्वत्रिक प्रवृत्ती असती तर मराठीतील इतर ल्लयुक्त तत्सम शब्दही तिच्या तडाख्यात सापडले असते. प्रत्यक्षात ‘उल्लेख’ हा ‘उल्लेख’च राहिला, ‘उल्लंघन’ हे ‘उल्लंघन’च राहिले. ‘पल्लव’, ‘वल्लभ’, ‘प्रफुल्ल’, ‘मल्लिका’ ह्यांपैकी एकातही हकार शिरला नाही. ‘उल्लेख’ व ‘उल्लंघन’ ह्यांची सुरुवात तर ‘उल्लास’शी तंतोतंत जुळते. मग ह्या एकाच शब्दावर ही कृपा का, ह्याचे उत्तर ध्वनीत नसून अर्थात शोधावे लागते.

ते उत्तर तिसऱ्या समाधानात मिळते. ‘उल्लास’च्या अगदी शेजारी अर्थाच्या दृष्टीने एक शब्द आहे, तो म्हणजे ‘आह्लाद’. ‘ह्ल’ ह्या संयोगातील वर्णांचा क्रम प्राकृतात उलटतो, हे वररुचीने ‘प्राकृतप्रकाशा’त व पुढे बाराव्या शतकात हेमचंद्राने आपल्या व्याकरणात नोंदविले आहे. ‘कह्लार’ ह्या कमलवाचक शब्दाचे ‘कल्हार’ झाले, ‘प्रह्लाद’चे ‘पल्हाअ’ झाले. मराठीने हा क्रम तत्सम शब्दांच्या उच्चारातही कायम ठेवला. आपण ‘आल्हाद’ व ‘प्रल्हाद’ असे म्हणतो आणि लिहितो. ‘चिन्ह’, ‘जिव्हा’, ‘विव्हळ’, ‘आव्हान’ ही त्याच जातीची रूपे होत. येथे हकार मूळचाच आहे, फक्त त्याची जागा बदलली आहे. ‘उल्हास’मध्ये मात्र मुळात हकार नसताना तो आला. ‘आल्हाद’ हा शब्द ल्ह घेऊन जिभेवर रुळलेला. ‘उल्लास’ हा त्याच्याच अर्थाचा, त्याच्याच आकाराचा सोबती. दोघांचाही आरंभ स्वराने, दोघांच्याही मध्यभागी लकाराचा संयोग आणि त्यापुढे आकार. अशा वेळी एका शब्दाचा ध्वनी दुसऱ्यात उतरतो. भाषाशास्त्रात ह्यास सादृश्य म्हणतात.

ह्या तिन्ही समाधानांना परस्परविरोधी मानण्याचे कारण नाही. ल्ल चा ल्ह होण्याची वाट भाषेत आधीपासून होती, ‘आल्हादा’च्या सादृश्याने त्या वाटेने नेमका हाच शब्द गेला, आणि ‘हास’ ह्या भासमान अंत्यखंडाने त्याला परत फिरू दिले नाही. हिंदीची साक्ष येथे उद्बोधक आहे. तेथे तत्सम ‘उल्लास’ कायम राहिला आणि त्याच्या जोडीला ‘हुलास’ हे देशी रूप घडले. तुलसीदासांच्या ‘रामचरितमानसा’त ते आढळते. हकार हिंदीतही आला, पण तो शब्दाच्या आरंभी जाऊन बसला. कन्नडाने मात्र ‘उल्लास’ जसाच्या तसा ठेवला. म्हणूनच एका कन्नड साहित्यिकाच्या घरी जन्मलेले वन्यजीवशास्त्रज्ञ ‘उल्लास’ कारंत आहेत आणि मराठी घरातील गायक ‘उल्हास’ कशाळकर आहेत. दोन भाषांची ध्वनिव्यवस्था व्यक्तिनामांतसुद्धा अशी आपली मुद्रा उमटविते.

येथपर्यंतच्या विवेचनावरून ‘उल्हास’ हा शुद्ध तत्समही नाही व शुद्ध तद्भवही नाही, तो अर्धतत्सम आहे, हे स्पष्ट व्हावे. अर्धतत्समास आपल्याकडे बहुधा ‘अशुद्ध तत्सम’ मानण्याचा प्रघात आहे, आणि परीक्षकांच्या लाल शाईमागे हीच समजूत होती. तिचे परीक्षण करणे अगत्याचे आहे, कारण अर्धतत्सम रूप पुष्कळदा मूळ रूपापेक्षा वेगळे काम करू लागते. ‘भक्त’ आणि ‘भगत’ हे एकच शब्द आहेत, पण ठाणे जिल्ह्यातील पाड्यांवर ‘भगत’ म्हणजे देवऋषी. त्याच्या जागी ‘भक्त’ घातल्यास अर्थाचा अनर्थ होईल. ‘क्षण’ आणि ‘सण’, ‘स्थान’ आणि ‘ठाणे’, ‘क्षेत्र’ आणि ‘शेत’ ही जोडशब्दांची उदाहरणे सर्वपरिचित आहेत. ‘शेत’ चुकीचे, ‘क्षेत्र’ लिहा, असा शेरा कोणी देत नाही.

‘उल्लास’ आणि ‘उल्हास’ ह्यांच्या बाबतीत मराठीने नेमकी अशीच वाटणी केली आहे. काव्यशास्त्राच्या तासाला आपण ‘काव्यप्रकाशाचा चौथा उल्लास’ म्हणतो. तेथे ‘चौथा उल्हास’ असे कोणीही म्हणत नाही. अलंकाराचे नावही ‘उल्लास’च आहे. उलटपक्षी ‘पहिल्या पावसाने मुलांना उल्हास वाटला’ ह्या वाक्यात ‘उल्लास’ घातला तर वाक्य मराठी राहते, पण हिंदीच्या वाऱ्याने हललेले दिसते. एक शब्द शास्त्राचा झाला, दुसरा जीवनाचा. ज्या विद्यार्थिनीने आपल्या प्रबंधिकेत मम्मटाचे प्रकरण ‘उल्लास’ आणि कवितेतील मनःस्थिती ‘उल्हास’ अशी लिहिली होती, तिने मराठीतील हा भेद नकळत पण अचूक पाळला होता. दुरुस्तीने तो पुसला गेला.

ह्या भेदाला छंदाचीही एक बाजू आहे. ‘उल्लास’मध्ये ल्ल चा आघात मागील उकारावर पडतो, त्यामुळे तो नेहमी गुरू. मराठीतील म्ह, न्ह, ल्ह, व्ह हे वर्ण मात्र पुष्कळदा आघाताविना उच्चारले जातात. ‘तुम्ही’, ‘पुन्हा’ ह्या शब्दांतील पहिले अक्षर आपण लघू मोजतो, आणि छंदःशास्त्रकारांनी ती सवलत मान्य केलेली आहे. म्हणून ‘उल्हास’चा उच्चार ‘उ-ल्हास’ असा करून पहिले अक्षर लघू धरण्यास कवीला वाव राहतो. जुन्या पद्यग्रंथाचा संपादक ‘उल्हास’च्या जागी सरसकट ‘उल्लास’ छापू लागला तर तो केवळ लेखन बदलत नाही. काही ठिकाणी तो चरणाचे वजनही बदलतो. हस्तलिखितात जे रूप असेल ते तसेच देणे व पाठभेद टिपेत नोंदविणे, हाच संपादनाचा राजमार्ग होय.

एका वर्णाचा एवढा आग्रह कशासाठी, असे कोणी विचारील. त्यास अंबरनाथचे उदाहरण पुरेसे आहे. वालधुनी नदीच्या काठावरील शिवालयात शिलाहार राजा मम्मुणी ह्याच्या काळातील कोरीव लेख आहे. डॉ. भाऊ दाजी लाड ह्यांनी त्यातील शक ७८२ असा वाचला होता. पुढे पंडित भगवानलाल इंद्रजी ह्यांनी तो लेख पुन्हा तपासून शक ९८२, म्हणजे इसवी सन १०६०, असा निश्चित केला. सात की नऊ, एवढाच प्रश्न. पण त्या एका अंकाने मंदिर दोनशे वर्षे पुढे सरकले आणि शिलाहार शिल्पकलेचा इतिहास वेगळ्या रीतीने मांडावा लागला. अंक असो वा वर्ण, ‘असे असावयास हवे’ ह्यापेक्षा ‘असे आहे’ ह्याला संशोधनात अग्रमान असतो. परीक्षकांनी ‘मूळ रूप’ शोधले, पण समोर असलेले रूप वाचले नाही.

आता अर्थाचा विचार करून हा विषय पुरा करू. आपल्या समीक्षालेखनात आनंद, हर्ष, आल्हाद, उल्हास हे शब्द एकमेकांच्या जागी सर्रास वापरले जातात. वस्तुतः प्रत्येकामागे एक स्वतंत्र अनुभव आहे. ‘हर्ष’ ज्या हृष् धातूपासून आला त्याचा संबंध अंगावर रोमांच उभे राहण्याशी आहे. ‘आल्हाद’मध्ये शीतलता आहे, म्हणून चांदणे आल्हाददायक असते, ऊन नसते. ‘आनंद’ हा शब्द इतका व्यापक झाला आहे की ब्रह्मापासून जेवणापर्यंत तो कशासही लागतो. ‘उल्हास’ मात्र बाहेर दिसला पाहिजे. तो चेहऱ्यावर असतो, चालण्यात असतो, ऋतूत असतो, जमावात असतो. ‘गुप्त आनंद’ असे आपण म्हणतो; ‘गुप्त उल्हास’ असे म्हणत नाही. समाधीत आनंद असतो. उल्हास असतो तो दिंडीत. वर्णाच्या बाबतीत मराठीने मुळापासून फारकत घेतली, परंतु अर्थाच्या बाबतीत लस् धातूचे झळकणे आणि उसळणे तिने जपले. कवितेतील ‘उल्हास’ शब्दावर भाष्य करताना समीक्षकाने हा दृश्य, गतिमान आशय ध्यानात घ्यावयास हवा. ‘कवीला आनंद झाला आहे’ एवढे म्हटल्याने त्या शब्दाचा उलगडा होत नाही.

सह्याद्रीतून खाली उतरून कर्जत, बदलापूर, कल्याण असा प्रवास करीत वसईच्या खाडीला मिळणाऱ्या नदीला ‘उल्हास’ हे नाव आहे. नदीनामाचे मूळ केवळ ध्वनिसाम्यावरून ठरवू नये, हा स्थलनामविद्येचा पहिला दंडक आहे, आणि तो येथेही पाळला पाहिजे. परंतु नामकरणाचा दुसरा प्रसंग पुरता इतिहासाच्या उजेडातला आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ‘कल्याण कॅम्प’ म्हणून उभारलेल्या लष्करी छावणीत १९४७ च्या फाळणीनंतर सिंधमधून आलेले निर्वासित राहू लागले, आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी तत्कालीन गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी ह्यांच्या हस्ते तेथे नव्या नगराची कोनशिला बसून ‘उल्हासनगर’ हे नाव रूढ झाले. नाव नदीवरून आले, पण ऐकणाऱ्याच्या कानी त्याचा दुसरा अर्थही पडतो. ज्यांची घरे गेली त्यांच्या वस्तीला लाभलेला हा शब्द संस्कृत कोशातून उचललेला नव्हता. तो ह्या खोऱ्यातील मराठी बोलीतला, तिने आपल्या जिभेवर घडविलेला, हकारासह होता. त्या वस्तीतील सिंधी, हिंदी व मराठी भाषकांनी तो हकारासहच स्वीकारला, आणि तीन पिढ्या तो तसाच लिहिला जात आहे.

म्हणून त्या विद्यार्थिनीच्या प्रश्नाचे उत्तर असे देता येते. तिच्या गावाचे नाव चुकीचे नाही, आणि तिच्या प्रबंधिकेतील शब्दही चुकीचा नव्हता. तत्सम शब्द मुळाप्रमाणे लिहावा हा नियम योग्यच आहे. पण एखादा शब्द तत्सम आहे की नाही, हे नियम लावण्यापूर्वी ठरवावे लागते. ‘उल्हास’ हा शब्द संस्कृतातून आला, मराठीत राहिला आणि मराठी झाला. त्याच्यातील हकार ही त्याच्या नागरिकत्वाची नोंद आहे. ती खोडण्याचा अधिकार परीक्षकास नाही, संपादकास नाही. आणि आपण अध्यापकांनी तो स्वतःकडे घेऊ नये, एवढीच ह्या लेखाची विनंती आहे.